प्रयोगवहीत न मावणारे भोवरे

आपल्याकडे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक विचित्र रिवाज रूढ झाला आहे. उत्तर आधी ठाऊक असते आणि प्रयोग मागाहून होतो. लोलक झुलवायचा, 'जी'ची किंमत ९८० च्या आसपास आणायची, आली नाही तर शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचे. परीक्षकही आकडा पाहतो आणि सही करतो. या रिवाजाला छेद देणारा एक प्रयोग पदवीच्या शेवटच्या वर्षाला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोग नवा नाही, शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

काचेच्या एका उभ्या नळकांड्यात दुसरे, थोडे बारीक नळकांडे बरोबर मध्यभागी बसवायचे, मधल्या फटीत द्रव भरायचा आणि आतले नळकांडे फिरवायचे. सामग्री एवढीच. फ्रान्समध्ये मॉरिस कुएट याने १८९० मध्ये अशाच उपकरणाने द्रवाचा चिकटपणा (क्रमिक पुस्तकातली विष्यंदिता) मोजला. पण तो बाहेरचे नळकांडे फिरवी. आतले तारेला टांगलेले असे, आणि तारेला पडलेला पीळ तो मोजी. इंग्लंडात मॅलॉकने आतलेही फिरवून पाहिले, तेव्हा त्याने वापरलेल्या कोणत्याच गतीला प्रवाह स्थिर राहीना. द्रव तोच, फट तशीच. मग कोणते नळकांडे फिरते एवढ्याने इतका फरक का पडावा?

उत्तराचा पहिला भाग लॉर्ड रॅले याने १९१६ मध्ये दिला. आतले नळकांडे फिरत असेल, तर त्याच्या लगतच्या द्रवाचा कोनीय संवेग जास्त असतो आणि बाहेर जावे तसा तो कमी होतो. आता द्रवाचा एक लहानसा थेंब चुकून थोडा बाहेर सरकला अशी कल्पना करा. तो आपला संवेग बरोबर घेऊन जातो. नव्या जागी त्याची गती शेजाऱ्यांपेक्षा जास्त ठरते. तिथला दाब शेजाऱ्यांना वर्तुळात धरून ठेवण्यापुरताच असतो, या पाहुण्याला तो आवरू शकत नाही. मग थेंब आणखी बाहेर जातो. बाहेरचे नळकांडे फिरत असेल तर सारे उलट घडते आणि सरकलेला थेंब पुन्हा जागेवर ढकलला जातो.

परंतु रॅलेने चिकटपणा हिशेबात घेतला नव्हता. चिकटपणा शेजाऱ्याला शेजाऱ्याशी बांधून ठेवतो, म्हणून हळू गतीत काहीच बिघडत नाही. नेमकी कोणती गती झाली की बांध फुटतो, हे केंब्रिजच्या जी. आय. टेलरने १९२३ मध्ये गणिताने काढले. आणि महत्त्वाचे म्हणजे त्याच निबंधात स्वतः उपकरण बांधून, द्रवात रंग सोडून पडताळून दाखवले. ती गती गाठताच साऱ्या द्रवाला एकाच वेळी बाहेर जाता येत नाही. एका पट्ट्यात तो बाहेर जातो, शेजारच्या पट्ट्यात आत येतो. त्यातून नळकांड्याला वेढणारी, एकावर एक रचलेल्या बांगड्यांसारखी भोवऱ्यांची उतरंड तयार होते. प्रत्येक भोवऱ्याची उंची साधारण फटीच्या रुंदीएवढी, आणि लगतचे दोन भोवरे परस्परविरुद्ध फिरणारे. (आपल्या कन्नड विभागातील मित्र भोवऱ्याला 'सुळी' म्हणतात. डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्यालाही दोन्ही भाषांत तोच तोच शब्द आहे, ही मौज.)

माझ्या आग्रहाचे खरे कारण याच्या पुढे आहे. गती आणखी वाढवली की बांगड्या लाटांसारख्या डोलू लागतात. डोनाल्ड कोल्स याने १९६५ मध्ये दाखवले की या अवस्थेत एकाच उपकरणात, एकाच गतीला, वीसहून अधिक निरनिराळ्या रचना टिकून राहू शकतात. भोवरे किती आणि लाटा किती, हे तुम्ही त्या गतीला कोणत्या वाटेने पोचलात, सावकाश की घाईने, वरून की खालून, यावर ठरते. म्हणजे दोन विद्यार्थ्यांच्या वह्यांत भोवऱ्यांची संख्या वेगळी आली तरी दोघेही बरोबर असू शकतात! पण भोवरे प्रथम दिसू लागतात ती गती मात्र दोघांची एकच यायला हवी. कोणत्या प्रश्नाला एकच उत्तर असते आणि कोणत्याला नसते, हा विवेक लोलक कधी शिकवणार?

"गणित अवघड आहे, अभ्यासक्रमात नाही," असे आमचेच काही सहकारी म्हणतील. संपूर्ण गणित अवघड आहे हे खरे. चंद्रशेखरांच्या १९६१ च्या जाडजूड ग्रंथात या प्रश्नाने बरीच पाने व्यापली आहेत, आणि चुंबकीय क्षेत्र असताना काय होते हा त्यातला विचार १९९१ नंतर ताऱ्यांभोवतीच्या वायुचकत्यांना लागू झाला. पण रॅलेचा थेंब समजायला बी.एस्सी.चे पदार्थविज्ञान पुरते.

खर्चाची सबब तर अगदीच लंगडी आहे. आतल्या दंडगोलाची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि फट अर्धा सेंटिमीटर धरली, तर साध्या पाण्यात मिनिटाला सुमारे ५ फेऱ्यांनाच भोवरे उमटतात. इतकी मंद गती सांभाळणे कठीण; ग्लिसरीन मिसळून चिकटपणा दहापट केला की ती ५० च्या घरात येते. चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकली की पट्टे डोळ्यांना दिसतात. मोटार जुन्या सामानातून निघेल. दंडगोल मात्र नीट गोल हवा, आणि तो लेथवर काढून देणारे कारागीर बेळगावात उद्यमबागेत हवे तितके आहेत. विद्यार्थ्यांनीच मोजमापाचा कागद घेऊन त्यांच्याकडे जावे. कामाला मराठी चालेल, कन्नडही चालेल. दिवाळीच्या सुटीत उपकरण उभे राहिले, तर दुसऱ्या सत्रात पहिली तुकडी त्यावर बसवता येईल.