सुसूत्रीकरण : कोणाचे आणि कोणासाठी?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा वृत्तपत्रांतून एकच शब्द गाजला, ‘सुसूत्रीकरण’. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. ट्रॅक्टर आणि ठिबक संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले. सभासद बंधूंचा त्यात फायदाच झाला, तेव्हा त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हा शब्द मोठा बहुरूपी आहे. आपल्यापुढे कोणी तो ठेवला, की कुठल्या अर्थाने ठेवतो आहे हे आधी तपासून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या गिरण्यांत तो इंग्रजी रूपानेच आला, रॅशनलायझेशन म्हणून. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळायचे, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. मालकाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा कारभार. कामगाराच्या दृष्टीने तिसऱ्याच्या पोटावर पाय. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो मोठा संप चालला, त्याच्या मुळाशी हेच होते. आपल्याच घाटावरची आणि कोकणातली माणसे होती ती.

शाळेत मात्र हाच शब्द अगदी सालस आहे. पुण्याच्या बालभारतीचे नववीचे गणित उघडा. ‘छेदाचे परिमेयीकरण’ म्हणून भाग सापडेल. छेदात वर्गमूळ ३ असेल तर अंश आणि छेद दोन्हींना वर्गमूळ ३ ने गुणायचे. छेद स्वच्छ होतो, रूप पालटते, पण किंमत तसूभरही हलत नाही. वर गुणले तेवढेच खाली गुणायचे, ही त्यातली अट आहे. ही अट सभासदांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

मानसशास्त्रवाल्यांचा अर्थ आणखी तिसराच. अर्नेस्ट जोन्स यांनी १९०८ साली तो रूढ केला. खरे कारण झाकून, दिसायला बरे असे कारण पुढे करणे, आणि ते स्वतःलाही पटवून घेणे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, दुसरे काय! आपल्या शिवारातही याचा तोटा नाही. पाटाचे पाणी सोडून द्यायचे आणि ‘पाणी जास्त तेवढा ऊस जाड’ म्हणायचे. कारखान्याचा उतारा घसरला की दोष पावसाला. तोडीला उशीर झाला तो विषय कोणी काढायचा नाही.

आता मूळ मुद्दा. उसाची एफआरपी अमुक उताऱ्याला अमुक रुपये अशी ठरते, त्या उताऱ्याला पाया म्हणतात. २०१७-१८ च्या हंगामात पाया साडेनऊ टक्के आणि दर क्विंटलला २५५ रुपये होता. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ६८ पैसे मिळत. म्हणजे दहा टक्के उताऱ्याच्या उसाला २६८ रुपये ४० पैसे बसत होते. २०१८-१९ ला दर २७५ झाला आणि पाया दहा टक्के. बातमी आली, टनाला २०० रुपये वाढ! दहा टक्के उताऱ्याला प्रत्यक्ष वाढ किती? क्विंटलला ६ रुपये ६० पैसे, टनाला ६६ रुपये. पुन्हा २०२२-२३ ला २९० चे ३०५ झाले आणि पाया १० वरून १०.२५ वर गेला. जाहीर वाढ टनाला १५० रुपयांची, १०.२५ उताऱ्याला जुन्या हिशेबाने २९७ रुपये २५ पैसे मिळालेच असते, म्हणून खरी वाढ साडेसत्त्याहत्तर रुपयांची.

साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी दर त्याखाली कापला जात नाही, ही सोय २०१८-१९ पासून आहे, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. देशाचा सरासरी उतारा वाढला म्हणून पायाही वाढवावा, असा युक्तिवाद केला जातो. पण उतारा वाढला तो कशाने? चांगल्या बेण्याने, मशागतीने, वेळच्या तोडीने. त्यातला शेतकऱ्याचा वाटा पाया सरकवला की गुपचूप वळता होतो. गणिताच्या पुस्तकात याला परिमेयीकरण म्हणत नाहीत, कारण किंमत बदलली. गिरणीतल्या अर्थाशी मात्र चांगले जुळते.

पाया कधीच बदलू नये, असे आमचे म्हणणे नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरला उभे राहिले, कारखान्याचे अध्यक्ष झाले. पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ आणि लोणीचा शेतकरी एका सतरंजीवर बसून हिशेब करतात, यावर सहकार उभा राहिला. आज साखर आयुक्तालय पुण्यात, वसंतदादा साखर संस्था मांजरीला. आकडे समजणारी माणसे पुण्यात तेव्हाही होती, आजही आहेत. ते आकडे सभासदाच्या हातात त्याला समजतील असे पडत नाहीत, एवढेच.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. २०२५-२६ चा दर १०.२५ टक्क्यांना ३५५ रुपये आहे. पुढे दर जाहीर होईल आणि पाया हलला असेल, तर जुन्या पायाने किती झाले असते तो आकडा शेजारीच छापावा. दिल्लीने छापला नाही तर आपल्या कारखान्याने ऊसदराच्या पत्रकात छापावा. त्याला एक ओळ लागते. वार्षिक सभेपुढे हा ठराव यावा, म्हणून सभासदांनी आपल्या गटाच्या संचालकाकडे मुदतीत लेखी द्यावे.