दगड टाकला, पण देव्हारा रिकामा झाला काय?

ख्रिस्ती धर्म मूर्तिपूजेला पाप म्हणतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. सनातनी म्हणतो, हे परके लोक आमचे देव फोडायला निघाले. आमचा सुधारलेला ब्राह्मणेतर बंधू म्हणतो, त्यांनी दगड टाकले, आम्हीही टाकले. भटजीची दक्षिणा वाचली, काम फत्ते. बायबल दोघांनीही उघडून पाहिलेले नाही. पैकी दुसऱ्याचे न पाहणे आमच्या घरांना फार महाग पडत आहे.

सिनायच्या पायथ्याशी अहरोनाने सोन्याचे वासरू ओतले. सोने कुठले? बायकापोरांच्या कानांतल्या बाळ्या काढून घेतलेले! मूर्ती घडण्याआधी घर लुटले गेले, हे लक्षात ठेवा. पुढे इफिस शहरात देमेत्रिय नावाचा सोनार अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे विकत असे. हाताने केलेले देव हे देव नव्हेत, असे पौल सांगू लागला, तेव्हा या सोनाराने कारागीर जमवून दंगा उसळवला. तोंडी देवीचा महिमा होता, पोटात धंदा बुडण्याची धास्ती होती. हा देमेत्रिय आपल्या गावात कोणी पाहिला नाही काय? मोशेने सर्पदंशावर उतारा म्हणून केलेल्या पितळी सापापुढे लोक पुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. थोर माणसाच्या हातची वस्तूसुद्धा वाचली नाही! (पुढाऱ्यांच्या पुतळ्यांना हार घालून त्यांचे ग्रंथ कपाटात कोंडणाऱ्या आमच्या मंडळींनी ही गोष्ट दोनदा वाचावी.)

आणि याच पौलाने लोभालाही मूर्तिपूजेत धरले. येशूनेही देवाच्या समोर दुसरा धनी म्हणून उभा केला तो कोणी दगडी देव नव्हे, तर धन. म्हणजे ज्याच्यापुढे माणूस बळी जातो ती मूर्ती. मग ती पाषाणाची असो की नोटांची.

आमच्या वर्ध्याला हे नवे नाही. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. पैशाच्या मापाने सर्व काही मोजू लागलो की माणसाची किंमत उरत नाही, असे ते सांगत आले. त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

शेतकऱ्याच्या कर्जाला कापसाचा भाव, पाऊस, बियाणे, सावकार अशी कारणे आहेत. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. सारा दोष शेतकऱ्याच्या उधळेपणावर ढकलणारे शहाणे आम्हांस मान्य नाहीत. त्यांनी आधी कापसाच्या भावाचे बोलावे. परंतु आपल्या हातातले काय, हे विचारण्याचा अधिकार आमचा आहे. जन्मापासून मरणापर्यंतचे विधी कुणब्याचे घर कसे खातात, ते जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 साली दाखवले. ती दक्षिणा आज कोण घेतो? मंगल कार्यालय घेते, बॅण्ड-डीजे घेतो, हुंडा मागणारा व्याही घेतो. भटजी गेला आणि त्याच्या पाटावर ‘लोक काय म्हणतील’ हा देव येऊन बसला. त्याला नैवेद्य लागतो तो गहाण टाकलेल्या शेताचा!

ख्रिस्ती बांधवांनीही यावर हसू नये. गोव्यात बाप्तिस्मा झाला तरी जात सुटली नाही. चर्चमधल्या कित्येक बंधुसंघांत कोणाला घ्यावे हे जातीवरून ठरत असे. जात ही मूर्ती नव्हे तर काय?

पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी भटजीवाचून लागला. त्या लग्नाचे नाव घेणाऱ्या आमच्या घरांत हुंड्याची बोलणी अजून चालतात, फक्त आवाज खाली करून. भटजीला नाही म्हणण्याची छाती ज्यांनी दाखवली, त्यांनी यंदाच्या लग्नसराईत व्याह्यालाही नाही म्हणावे. आणि तेही बस्ता फाडण्याआधी, मुलीच्या बापाने सातबारा घेऊन तालुक्याला जाण्याआधी.