उंच चाकांचा मोह आणि कायद्याची चौकट

नवी दिल्ली : खडतर वाटांवर धावणारी चारचाकी वाहने एकेकाळी लष्कर, वनखाते आणि डोंगराळ भागातील व्यावसायिक यांच्यापुरती मर्यादित होती. २०२० मध्ये नव्या रूपात आलेली महिंद्राची ‘थार’, २०२३ मध्ये दाखल झालेली मारुती सुझुकीची पाच दरवाजांची ‘जिम्नी’ आणि फोर्सची ‘गुरखा’ यांनी ती शहरी कुटुंबांच्या दारात आणून उभी केली. वाहन घरी आले की अनेक मालकांचे लक्ष मोठे टायर आणि उंच सस्पेन्शन यांकडे वळते. त्याकडे निव्वळ हौस म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात हा निर्णय सुरक्षितता, विमा आणि फौजदारी कारवाई या तिन्हींशी जोडलेला आहे.

कायद्याची भूमिका कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही तरतूद केवळ कागदावर राहिलेली नाही. श्रीनगरमधील वाहतूक न्यायालयाने २०२२ मध्ये एका मालकाला वाहनातील बदलांसाठी सहा महिन्यांची कैद सुनावली होती. पुढे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडण्यात आले.

कायदा बाजूला ठेवला, तरी भौतिकशास्त्र सुटका देत नाही. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर१५ या आकाराचा आहे. त्याचा एकूण व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर भरतो. त्याजागी २३५/७५ आर१५ टायर बसवला, तर व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो. वाढ ४१ मिलिमीटरची दिसते. पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम २० मिलिमीटर वाढते. मोबदल्यात चाकाचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढतो. वेगमापक अचूक धरला, तर काटा ८० वर असताना वाहन प्रत्यक्षात ८५ च्या आसपास धावते. गिअरची ओढ चढावर कमी पडते आणि तितक्याच अंतरात थांबण्यासाठी ब्रेकवर अधिक जोर द्यावा लागतो. एकूण व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा जगभर पाळला जाणारा संकेत याच कारणाने रूढ झाला आहे.

त्यामुळे आकारापेक्षा प्रकाराचा विचार आधी व्हायला हवा. डांबरी रस्त्यासाठीचे टायर, मिश्र वापराचे ‘ऑल टेरेन’ आणि चिखलासाठीचे ‘मड टेरेन’ असे तीन ढोबळ वर्ग आहेत. मड टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांमधील मोकळ्या खाचा रुंद असतात, त्यामुळे चिखल बाहेर फेकला जातो. मात्र ओल्या डांबरावर रबराचा कमी भाग रस्त्याला टेकतो, ब्रेकचे अंतर वाढते आणि आवाजही वाढतो. ज्याचे वाहन वर्षातील बहुतेक दिवस महामार्गावर धावते, त्याच्यासाठी मूळ आकारातील ऑल टेरेन टायर हाच शहाणा पर्याय ठरतो. भारनिर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ९६ हा निर्देशांक प्रत्येक टायरमागे ७१० किलो भार दर्शवतो. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंकही टायरच्या बाजूवर तपासावेत.

सर्वात परिणामकारक उपाय तर जवळजवळ फुकटचा आहे. जैसलमेरच्या वाळूत टायरमधील हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावर तरंगतो. डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे मात्र अनिवार्य आहे. त्यासाठी लहान कॉम्प्रेसर सोबत हवा.

सस्पेन्शनबाबत गैरसमज अधिक आहेत. जिम्नीसारख्या अखंड आस असलेल्या वाहनात उंच स्प्रिंग घातल्याने गाडीचा सांगाडा वर जातो, पण आसावरील डिफरन्शियल तिथेच राहतो. त्याच्या खालची जागा केवळ टायरच वाढवू शकतो. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. आडव्या दांड्यामुळे आस किंचित बाजूला सरकतो, स्टीअरिंगचे कोन बदलतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. थारच्या पुढील चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने तिथे चाकांना शक्ती पुरवणाऱ्या सांध्यांवर ताण येतो. लडाख किंवा स्पितीच्या खडबडीत रस्त्यांवर खरी कसोटी उंचीची नसते. तासन्‌तास आदळून तापणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरची असते. म्हणून मूळ उंचीचेच, पण दर्जेदार शॉक अॅब्सॉर्बर निवडणे हितकारक ठरते. कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवला नाही, तर अपघातानंतर दावा अडकण्याची शक्यता राहते.

येथे धोरणाचा प्रश्न उभा राहतो. मूळ आकाराचे ऑल टेरेन टायर आणि १०० मिलिमीटरची उंची वाढवणारा संच, या दोहोंमधील धोक्यात मोठी तफावत आहे. तरीही मधल्या पायऱ्या सांगणारी, सामान्य मालकाला समजेल अशी स्पष्ट यादी उपलब्ध नाही. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे. ठरावीक मर्यादेपलीकडील बदलाला तेथे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत बदलाची तांत्रिक तपासणी होऊन त्याची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत केली जाते. भारतात अशा चाचणीची क्षमता पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांकडे आहे. सुट्या भागांची उघड विक्री सुरू असताना कारवाईचा भार केवळ ग्राहकावर पडतो, ही विसंगती त्यातून दूर होऊ शकेल.

तोपर्यंत मालकांसाठी क्रम साधा आहे : आधी हवेचा दाब, मग उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या आकारातील योग्य टायर, त्यानंतर मूळ उंचीचे चांगले शॉक अॅब्सॉर्बर. थारमध्येच २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८ असे दोन आकार कंपनीने दिले आहेत आणि त्यांच्या व्यासात जेमतेम दोन टक्क्यांचे अंतर आहे. अवघड वाटेवर वाहन पुढे नेणारी गोष्ट बहुतेकदा उंची नसून पकड असते, आणि पकड कायद्याच्या चौकटीत राहूनही मिळवता येते.