धावायचंय बाळाला घेऊन? आधी गाडीची चाकं पाहा

"मॅडम, डॉक्टरांनी रोज चाला, जमेल तसं धावा असं सांगितलंय. पण तेवढा वेळ बाळाला ठेवू कुणाकडे?"

शाळेत मोठ्या मुलाच्या पालकसभेला येणाऱ्या तरुण आयांकडून हा प्रश्न मी अलीकडे बऱ्याचदा ऐकते. नवी मुंबईतली बरीच घरं अशीच आहेत. सासूबाई गावी, महाड नाहीतर रत्नागिरीकडे. अम्मी मुंब्र्याला किंवा भिवंडीला. पती सकाळची लोकल पकडून जातात ते रात्री येतात. घरात आई आणि बाळ, दोघंच. अशा वेळी बाळाला गाडीत बसवून सोबत न्यावं आणि धावून यावं, हा विचार चांगलाच आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने हेच ठरवलं होतं. तिची मुलगी सात महिन्यांची. गरोदरपणात तिची साखर वाढली होती. अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून डॉक्टरांनी व्यायामाची ताकीदच दिलेली. तिने बारशाला मिळालेली बाबागाडी बाहेर काढली, नवे बूट घेतले आणि मला फोन केला, "मॅडम, उद्यापासून सुरू!" मी विचारलं, "गाडीची चाकं केवढी आहेत?" ती म्हणाली, "चाकांचं काय? फिरतायत की छान."

भगिनींनो, सगळी गोष्ट त्या चाकांचीच आहे. आपण दुकानात गेलो की रंग, कापड आणि किंमत पाहतो. पण चालायची गाडी वेगळी आणि धावायची गाडी वेगळी. हा फरक कळला नाही तर आईच्या तब्येतीसाठी केलेली खटपट बाळाच्या जिवावर बेतू शकते.

दोन गाड्या, दोन कामं

मॉलमध्ये दिसणाऱ्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या बाबागाडीचा जन्म इंग्लंडमधला. ओवेन मॅक्लारेन हे विमानाचे अभियंता. त्यांनी १९६५ साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची घडीची गाडी तयार केली. प्रवासात सहज उचलता यावी हा तिचा हेतू. म्हणून तिची चाकं लहान आणि गरकन फिरणारी असतात. दुकानाच्या दोन रांगांमधून वळवायला ती उत्तम.

धावायची गाडी आली ती अमेरिकेत, १९८४ च्या सुमारास. फिल बेखलर नावाच्या पत्रकाराला आपल्या लहान मुलाला घेऊन धावायचं होतं. साधी गाडी खडबडीत रस्त्यावर चालेना, म्हणून त्यांनी तिला सायकलची चाकं जोडली. त्यातूनच पुढे तीन मोठ्या चाकांची 'जॉगिंग स्ट्रोलर' बाजारात आली. मात्र एक लक्षात ठेवा. तीन चाकं दिसली म्हणजे ती धावायची गाडी, असं नाही. निव्वळ ऐटीसाठी तीन चाकं लावलेल्या साध्या गाड्याही मिळतात. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत 'धावण्यासाठी योग्य' असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच ती धावायची.

बाळ तयार आहे का? आणि तुम्ही?

तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. धावताना बसणारे हादरे ती मान पेलू शकत नाही. त्यामुळे गाडी कितीही महाग असली तरी सहा महिन्यांच्या आत बाळाला घेऊन धावायचं नाही. काही कंपन्या तर आठ महिने सांगतात. बाळ मान पक्की धरतं का आणि आधाराशिवाय बसतं का, हे बालरोगतज्ज्ञांना दाखवून मगच ठरवा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तर हे विचारायलाच हवं. बाळाला छातीशी बांधून धावणं कोणत्याही वयात नको.

आईच्या शरीरालाही वेळ द्यावा लागतो. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्यांनुसार बाळंतपणानंतर निदान तीन महिने तरी धावू नये. सिझेरियन झालं असेल, ओटीपोटात जडपणा वाटत असेल किंवा खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ही लाजायची गोष्ट नाही, त्यावर उपाय आहेत. तोवर चालणं आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो बाळंतिणींनाही लागू आहे आणि भरभर चालण्यानेही पूर्ण होतो. चालायला साधी बाबागाडी पुरते.

दुकानात काय पाहायचं?

पुढचं चाक: सर्वांत आधी हे पाहा. धावताना पुढचं चाक सरळ घट्ट राहिलं पाहिजे. फिरणारं चाक वेगात थरथरतं आणि एखाद्या खड्याला अडखळून आडवं होतं, मग गाडी उलटायला वेळ लागत नाही. काही गाड्यांत हे चाक चालताना मोकळं आणि धावताना लॉक करता येतं. आपल्याला तशी गाडी जास्त सोयीची.

टायर: हवा भरलेले, मोठे. मागची चाकं साधारण १६ इंची असली तर चांगलं. लहान मुलांच्या सायकलींच्या मापाचे टायर असतील, तर नाक्यावरचा सायकलवालाही पंक्चर काढून देऊ शकतो. टायरवर लिहिलेलं माप टिपून ठेवा.

स्प्रिंग: मागच्या चाकांजवळ धक्के शोषणारी व्यवस्था हवी. हाताने सीट दाबून पाहा, किंचित खाली जाऊन वर आली पाहिजे.

ब्रेक: पायाने लावायचा ब्रेक मागची दोन्ही चाकं अडवणारा हवा. खारघरच्या टेकडीच्या किंवा बेलापूरला पारसिकच्या चढाकडे राहणाऱ्यांनी दांडीवर हाताचा ब्रेक असलेलीच गाडी पाहावी. उतारावर बाळासकट गाडी ओढ घेते.

मनगटाचा पट्टा: एक टोक गाडीला, दुसरं तुमच्या मनगटाला. तुम्ही ठेचकाळलात तरी गाडी एकटी पुढे जात नाही. हा पट्टा रोज अडकवायचा, घाई असली तरी.

बाळाचा पट्टा: दोन्ही खांद्यांवरून, कमरेच्या दोन्ही बाजूंनी आणि पायांच्या मधून असा पाच ठिकाणी अडकणारा. नुसता कमरेचा पट्टा धावताना कामाचा नाही.

आता परीक्षा घ्या. दुकानदाराला सांगून सीटवर दहा किलोची तांदळाची पिशवी पट्ट्याने बांधा. साधारण वर्षाच्या बाळाचं वजन तेवढंच असतं. मग एका हाताने गाडी ढकलून पाहा. सपाट फरशीवर चार पावलं हात सोडा आणि गाडी नाकासमोर जाते की एका बाजूला ओढते ते बघा. दांडी कमरेच्या जरा वर, कोपर सैल राहील अशी येते का? पाऊल पूर्ण लांब टाकल्यावर मागच्या दांड्याला पाय लागतो का? लागत असेल तर ती गाडी तुमच्या उंचीची नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी पुढच्या चाकाची जोडणी नीट तपासावी. २०१८ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ब्रिटॅक्स कंपनीच्या 'बॉब' या प्रसिद्ध जॉगिंग गाड्यांबाबत तक्रार दाखल केली. चालत्या गाडीचं पुढचं चाक निखळल्याच्या सुमारे २०० घटना आयोगाकडे आल्या होत्या, आणि त्यांत मुलं आणि मोठी माणसंही जखमी झाली होती. ते चाक झटपट काढता येणाऱ्या लिव्हरवर बसवलेलं होतं. पुढे झालेल्या तडजोडीत हे चाक नीट कसं बसवायचं याची माहिती लोकांना देण्याची मोहीम कंपनीने मान्य केली. यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. चाक काढता येत असेल तर दर वेळी निघण्याआधी ते उचलून, हलवून पाहायचं.

घर, कपडे आणि रस्ता

या गाड्या दहा-बारा किलोंच्या आणि रुंद असतात. वाशी-नेरूळला सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नाही. नव्या इमारतींत लिफ्ट असते, पण तिचं दार अरुंद असू शकतं. म्हणून पैसे देण्याआधी टेपने दार, लिफ्ट आणि गाडी ठेवायची जागा मोजा. एका हातात बाळ घेऊन दुसऱ्या हाताने गाडी जिन्यावरून नेणं धोक्याचं आहे.

आपल्या पोशाखाचाही विचार करावा लागतो. लांब ओढणी, बुरख्याचा घेर किंवा सलवारचा सैल पायचा मागच्या चाकात अडकू शकतो, कारण ती चाकं आपल्या पावलांच्या अगदी शेजारी फिरतात. पिन लावून बसवलेला स्कार्फ, गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता आणि घोट्याशी अरुंद पँट घातली की पडदाही राहतो आणि पायही मोकळे राहतात. गाडीच्या दांडीला जड पिशवी टांगू नका, गाडी मागे कलंडते. ऊन लागतं म्हणून छतावरून चादर किंवा दुपट्टा टाकण्याची सवयही सोडा. आत हवा खेळत नाही आणि बघता बघता उकाडा वाढतो.

राहिला रस्ता. पाम बीच रोड धावणाऱ्यांचा आवडता, पण तिथे मोटारी सुसाट जातात. मुख्य रस्त्याच्या कडेने बाळाला घेऊन धावणं मला मान्य नाही. गाडीतलं बाळ जमिनीपासून मीटरभराच्या आत बसलेलं असतं. वाहनांचा धूर नेमका त्याच उंचीवर दाट असतो, हे ब्रिटनच्या सरे विद्यापीठातील प्रशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवून दिलं आहे. त्यापेक्षा नेरूळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई', वाशीचं मिनी सीशोअर, खारघरचं सेंट्रल पार्क अशी वाहनांपासून दूर असलेली जागा निवडा. आदल्या दिवशी तिथे नुसतं चालून या. गाडी आत नेता येते का, वाट सलग आहे का, भटकी कुत्री किती आहेत, ते समजेल. फजरनंतरचा तास सगळ्यांत चांगला. ऊन नसतं आणि गर्दीही कमी असते.

लोक काय म्हणतील?

हा प्रश्न येतोच. "बाईमाणूस रस्त्यावर धावतं आणि बाळालाही घेऊन जातं!" अशांशी वाद घालू नये. हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित (स.) यांच्यात धावण्याची शर्यत झाली होती आणि पहिल्या खेपेला हजरत आयेशा जिंकल्या होत्या, ही अबू दाऊदच्या हदीससंग्रहातली हकीकत शांतपणे सांगावी. एवढं पुष्कळ होतं.

पण घरातल्या पुरुषांनाही मला एक विचारायचंय. धावायची चांगली गाडी साध्या बाबागाडीच्या कितीतरी पट महाग असते. बाळ जेमतेम तीन-चार वर्षं तिच्यात मावणार. ज्यांना परवडते आणि ज्यांचं धावणं नेमाचं आहे, त्यांनी जरूर घ्यावी. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून घेतली तरी चालेल. मात्र ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी आणखी एक उपाय आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अर्धा तास, बाळ अब्बूंच्या मांडीवर. त्याला चाकं लागत नाहीत, ब्रेक लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. गाडी घेतलीच, तर ती ढकलायची पाळीही अब्बूंनी अधूनमधून घ्यावी.

त्या विद्यार्थिनीने शेवटी काय केलं, ते सांगते. बाबागाडी तिने चालण्यासाठी ठेवली. रोज सकाळी मुलीला घेऊन चाळीस मिनिटं भरभर चालते. शनिवार-रविवारी मुलगी अब्बूंजवळ असते आणि ही एकटी धावून येते. वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून धावायची गाडी द्यावी, असं तिने माहेरी सुचवून ठेवलंय. तोवर मुलगी वर्षाची होईल, मानही पक्की होईल, आणि दुकानात तांदळाची पिशवी घेऊन जायचं हे आता तिला ठाऊक आहे.