ग्रीक-लॅटिनची पदवी : क्रमाचा प्रश्न

प्राचीन ग्रीक व लॅटिन या दोन भाषा, त्यांतील वाङ्मय आणि त्या लोकांचा इतिहास व तत्त्वज्ञान, या सर्वांच्या एकत्रित अभ्यासास पाश्चात्त्य विद्यापीठांत ‘क्लासिक्स’ म्हणतात. आणि आपल्याकडील एखाद्या मुलाने वा मुलीने बारावीनंतर ही पदवी घेण्याचा मनोदय व्यक्त केला, की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम पोटापाण्याचा प्रश्न उपस्थित करतात. तो प्रश्न गैरवाजवी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण परदेशी विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये भरावी लागणारी फी पाहता हा जमाखर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यभराच्या पुंजीलाच हात घालतो. एके काळी या विद्येला सरकारी आश्रय होता : १८५५ साली हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी लंडनमध्ये चढाओढीची परीक्षा सुरू झाली, तेव्हा ग्रीक आणि लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण होते, आणि ज्या देशाचा कारभार चालवावयाचा त्या देशाच्या संस्कृतला ३७५. तो आश्रय गेला, हे बरेच झाले. मात्र खर्चाचा निकाल ज्याच्या त्याच्या घरी लागल्यावर जो दुसरा प्रश्न उरतो, की ही तीन-चार वर्षे कोणत्या क्रमाने वापरावयाची, त्याकडे पालकांचे तर सोडाच, खुद्द विद्यार्थ्यांचेही पुरेसे लक्ष जात नाही, असे माझे मत आहे.

ऑक्सफर्ड येथे या पदवीस ‘लिटरे ह्युमॅनिओरेस’ हे जुने लॅटिन नाव अद्याप चालू आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे बारा सत्रांचा. त्यांपैकी पहिली पाच सत्रे ‘मॉडरेशन्स’ नावाच्या परीक्षेच्या तयारीत जातात व त्यांत मुख्य भर भाषा आणि वाङ्मय यांवर असतो, आणि उरलेल्या सात सत्रांत, ज्यांना बोलण्यात ‘ग्रेट्स’ म्हणतात, तत्त्वज्ञान, इतिहास, पुरातत्त्व इत्यादी विषय प्रामुख्याने येतात. या वाटणीत मला मोठे शहाणपण दिसते. प्लेटोच्या एखाद्या संवादातील युक्तिवाद सदोष आहे की निर्दोष, हे ठरविण्यापूर्वी त्याने मुळात काय लिहिले हे वाचता आले पाहिजे, ही गोष्ट इतकी उघड आहे, की ती सांगावी लागते याचेच नवल वाटते.

या क्रमाचे उदाहरण म्हणून, आणि त्याबरोबरच एक इशारा म्हणूनही, मला नेहमी ए. ई. हाउसमन आठवतो. १८७९ साली मॉडरेशन्समध्ये पहिला वर्ग मिळविलेला हा विद्यार्थी १८८१ साली ग्रेट्सच्या परीक्षेत साफ नापास झाला. त्याचे चित्त प्रॉपर्टिअस या लॅटिन कवीच्या पाठचिकित्सेत गुंतले होते आणि नेमलेल्या इतिहासाकडे व तत्त्वज्ञानाकडे त्याने काणाडोळा केला होता. पुढे सुमारे दहा वर्षे त्याने लंडनच्या पेटंट कचेरीत कारकुनी केली, आणि संध्याकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून प्राचीन कवींच्या पाठांवर असे निबंध लिहिले, की १८९२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्याला लॅटिनचा प्राध्यापक नेमले व १९११ मध्ये केंब्रिजने. विद्यार्थ्याने नापास व्हावे असा याचा अर्थ कोणी करू नये. परंतु पहिल्या पाच सत्रांत त्याच्या हाती जे आले होते ते कचेरीतील दहा वर्षांतही टिकले, आणि नंतरच्या सात सत्रांत जे राहून गेले त्यावाचून त्याचे अडले नाही. याच्या उलट घडले असते, म्हणजे इतिहास उत्तम व लॅटिन कच्चे असे झाले असते, तर पेटंट कचेरीतून परतीची वाट सापडली असती काय, याविषयी मला दाट शंका आहे.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ साली, क्लासिक्स हा मुख्य विषय घेणाऱ्याला ग्रीक किंवा लॅटिन आलेच पाहिजे, ही अट काढून टाकली. त्यामागील तक्रार खोटी नाही. या भाषा शाळेत शिकण्याची संधी बहुधा सधन घरांतील व महागड्या शाळांतील मुलांनाच मिळते, आणि मग विद्यापीठाचा दरवाजा त्यांच्यासाठीच उघडा राहतो. परंतु या अन्यायावर इलाज दोन आहेत : एक, भाषेची अट रद्द करणे, दुसरा, ज्याला भाषा येत नाही त्याला ती वर्णमालेपासून शिकविणे. केंब्रिजने दुसरा मार्ग पत्करला असून शाळेत लॅटिन न शिकलेल्यांसाठी तेथे एक अधिक वर्ष जोडलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मला हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण पहिल्या मार्गाने गरीब विद्यार्थी आत येतो खरा, पण श्रीमंत विद्यार्थी मूळ ग्रंथ वाचीत असताना तो भाषांतरावरच राहतो, आणि जुनी पंक्तिभेदाची रीत दिवाणखान्यात तशीच चालू राहते.

मराठी विद्यार्थ्याची स्थिती या बाबतीत विलक्षण आहे. लॅटिन त्याने पाहिलेलेही नसते. परंतु आठवी ते दहावी त्याने संस्कृत घेतलेले असते, कित्येकदा केवळ गुण चांगले पडतात म्हणून, आणि ते ज्ञान आपल्या कामाचे आहे याची त्याला खबरही नसते. ग्रीक क्रियापदाचा ‘मध्यम प्रयोग’ पाहून इंग्रज विद्यार्थी गोंधळतो, तेथे आत्मनेपद जाणणाऱ्याला ओळखीचा माणूस भेटतो. द्विवचन त्याला नवे नाही. भूतकाळी क्रियापदामागे येणारा ‘अ’कार त्याने ‘अगच्छत्’मध्ये पाहिला आहे, ग्रीकमध्ये त्या जागी ‘ए’ येतो, एवढेच. आणि ‘सति सप्तमी’ ज्याला कळली, त्याला लॅटिनमधील तशीच पंचमीची रचना व ग्रीकमधील षष्ठीची रचना एका दुपारी समजावून देता येते. होमरचे वृत्त लघु-गुरूंवर चालते, आणि गण पाडण्याची सवय ज्याला मराठीच्या तासालाच लागली आहे, त्याला ते कानाने लवकर लागते. तेव्हा पदवीची तयारी करणाऱ्याने प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत रोमन इतिहासाची जाडजूड पुस्तके वाचीत बसण्यापेक्षा भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ पुन्हा एकदा पहिल्या पाठापासून उजळावी, अशी माझी शिफारस आहे, मग ती कोणाला कितीही उफराटी वाटो.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो. अगदी नवख्याने पहिल्या वर्षी एकच भाषा धरावी. दोन्ही एकदम धरल्यास दोन्हींची रूपावली परस्परांत मिसळते. लोएब मालेतील पुस्तके, ज्यांत डाव्या पानावर मूळ व उजव्या पानावर इंग्रजी असते, फार उपकारक आहेत, परंतु ती दुसऱ्या वाचनाला. पहिल्या वाचनाला घेतली तर डोळा उजवीकडेच राहतो. आणि जर्मन भाषा वाचण्यापुरती तरी शिकून घ्यावी, कारण या विद्येचा मोठा चिकित्सक ग्रंथसंभार त्या भाषेत आहे. पुण्या-मुंबईत ती सोय मॅक्स म्यूलर भवनात आहे.

अखेरच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडताना मात्र आपल्या विद्यार्थ्याने होमर-व्हर्जिल यांच्या गर्दीत शिरलेच पाहिजे असे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवर्णनात पैठण, तेर, सोपारा व कल्याण यांचा उल्लेख आहे, आणि कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर यवन दात्यांची नावे प्राकृतात कोरलेली आहेत. एका हाती ग्रीक मूळ व दुसऱ्या हाती ब्राह्मी लेख घेऊन दोन्ही स्वतः वाचू शकणारी माणसे फार थोडी आहेत. ज्याला तिकडे जावयाचे आहे त्याने प्राकृताची तजवीज तिसऱ्या वर्षाच्या आत केली पाहिजे. ऑक्सफर्डमध्ये क्लासिक्सच्या जोडीला संस्कृत किंवा पाली घेता येते. अन्यत्र अशी जोड मिळते की नाही, याची रुजुवात प्रवेशाचा अर्ज करण्यापूर्वीच पत्र लिहून करून घ्यावी, आणि उत्तर लेखी मागावे.