परिचारिकेला देवीपण नको, निर्णयाचा अधिकार हवा!

दरवर्षी १२ मे उजाडला की फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जयंतीनिमित्त रुग्णालयांत कार्यक्रम होतात. मेणबत्त्या पेटतात, शपथ घेतली जाते, पुढाऱ्यांची भाषणे होतात. परिचारिका म्हणजे त्यागमूर्ती, परिचारिका म्हणजे देवी, असे सांगून टाळ्या घेतल्या जातात. आणि १३ मे रोजी तीच 'देवी' भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीला एकटी उभी असते. स्त्रीला देवी म्हणायचे आणि तिच्या हातचा निर्णय काढून घ्यायचा, ही या समाजव्यवस्थेची जुनीच रीत आहे. म्हणून आज आम्ही परिचारिकेच्या त्यागाचे गोडवे गाणार नाही. आम्ही तिच्या निर्णयाबद्दल बोलणार आहोत.

शुश्रूषेची नीती पश्चिमेकडून आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतर तथागतांनी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय हितकारक आणि काय अहितकारक, हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची त्याला किळस नसावी. आणि रुग्णाच्या मनाला उभारी देता यावी. या यादीत ज्ञान आणि विवेक आधी आहेत, भावना नंतर आहे, हे आमच्या वाचकांनी नीट पाहावे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांच्या रुग्णसेवेची आठवण मुद्दाम नोंदवली, ती उगाच नव्हे.

ज्या देशात हे सांगितले गेले, त्याच देशात पुढे रक्त, मलमूत्र आणि बाळंतपण विटाळाचे ठरले. नाळ कापणारी सुईण अनेक ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या जातींतील होती. तिच्या हाताचे कौशल्य चालत होते, तिच्या हातचे पाणी चालत नव्हते. वरच्या म्हणवणाऱ्या जातींनी परिचर्येकडे दीर्घकाळ पाठ फिरवली, त्याचे मूळ इथे आहे. याला छेद देणारे उदाहरण क्रांतिज्योती सावित्रीबाईंचे. प्लेगच्या रुग्णांची जात न विचारता सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न निर्णयाचा. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम माणसाला ठरलेल्या वाटेने चालवतो. तत्त्व त्याला विचार करून निवड करायला लावते आणि त्या निवडीची जबाबदारीही त्याच्यावर टाकते. परिचर्येला हे तंतोतंत लागू पडते. रुग्णाचे भले करणे, त्याला इजा न होऊ देणे, त्याच्या इच्छेचा मान राखणे आणि सर्वांना न्यायाने वागवणे, ही चार तत्त्वे आज जगभर मानली जातात. कागदावर ती सोपी वाटतात. वॉर्डात ती एकमेकांवर आदळतात.

केसपेपरवर लिहिलेला डोस सिस्टरला जास्त वाटतो. डॉक्टर वरिष्ठ आहेत, रागावतील. मुकाट्याने इंजेक्शन द्यायचे की फोन करून विचारायचे? ऑपरेशनच्या संमतीपत्रावर आजीचा अंगठा घेतला जातो, पण कशाला संमती दिली हे आजीला कोणी सांगितलेलेच नाही. अंगठा झाला की काम झाले, असे म्हणायचे का? नगरसेवकाचा माणूस किरकोळ तापाने आला आहे आणि वस्तीतली मजूर बाई धाप लागून बाकावर बसली आहे. आधी कोणाकडे जायचे? एचआयव्हीबाधित रुग्णाच्या खाटेवर खूण करायला कोणी सांगितले तर? २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीवाचून अशी माहिती उघड करायला आणि भेदभावाला मनाई करतो. पण वॉर्डात तो कायदा पाळायचा, तर कोणीतरी 'नाही' म्हणावे लागते. ते म्हणण्याची पाळी बहुधा सिस्टरवरच येते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी हे एका मोठ्या प्रश्नावर करून दाखवले. त्यांच्या सहकारी अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा याचिकाकर्तीच्या मनातही करुणाच होती, हे आम्ही नाकारत नाही. पण ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार रोज तिला भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाट अटींसह मोकळी केली आणि २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाचे मत ऐकल्याशिवाय खाटेवरच्या माणसाचा निर्णय करू नये, हा यातला धडा आहे.

परंतु अधिकार न देता जबाबदारी लादली, तर काय होते? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण मरण पावले. दोन्ही ठिकाणी परिचारिकांवर कारवाई झाली. ज्याची चूक असेल त्याची चौकशी झालीच पाहिजे. ती दगावलेली बाळे गरिबांची होती, हे आम्ही विसरू शकत नाही. पण इमारतीची वायरिंग सिस्टर करत नाही, अग्निशमन यंत्रणेचा निधी सिस्टर अडवत नाही. शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. तिथे एकटीवर अख्खा वॉर्ड सोपवणारा कोण? त्याला नीतीचा प्रश्न कधी विचारणार?

मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका बाह्यस्रोताने होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांना वाऱ्यावर सोडले म्हणून त्यांच्यावर टीका झाली. आम्हाला विचाराल तर तो नीतीचाच लढा होता. जिची नोकरी अकरा महिन्यांच्या कागदावर लटकते, ती चुकीच्या आदेशाला 'नाही' कशी म्हणेल? कंत्राटी पद्धत नुसती पगार कापत नाही, ती विवेकही कापते. शिवाय कायम भरती थांबली की आरक्षणाची जागाही गुपचूप नाहीशी होते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परिचारिकांची पदे कायमस्वरूपी भरा. मानकाप्रमाणे संख्या द्या. शंकास्पद आदेशाची नोंद करणाऱ्या परिचारिकेला संरक्षण द्या. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या नीती समितीत तिला मत द्या.

आणि वस्त्यावस्त्यांतून आज नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या आमच्या लेकींना एवढेच सांगणे आहे. पोरींनो, केसपेपर वाचताना प्रश्न विचारायला शिका. विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर वेळ घालून लिहून ठेवा. रुग्णाची जात, पैसा, ओळख पाहू नका. आणि तुमची जात विचारणाऱ्यापुढे मान खाली घालू नका. तुमच्या आज्यांनी विटाळाचे म्हणून जे काम केले, ते तुम्ही ज्ञानाचे आणि अधिकाराचे म्हणून करणार आहात. शिका म्हणजे हेच, आणि संघर्ष करा म्हणजेही हेच.