शेरखान मराठी का बोलत नाही?

कातळावर उभा राहून शेरखान माणसाच्या पोराची मागणी करतो आणि कळपातील लांडग्यांच्या अंगावर काटा उभा राहतो. हा दरारा आहे नाना पाटेकर यांच्या आवाजाचा. मुरुड-जंजिऱ्याच्या मातीत जन्मलेला हा अस्सल मराठी नट! परंतु त्याचा शेरखान डरकाळी फोडतो ती हिंदीत. मराठीत तो एक अक्षरही बोलत नाही. बोलणार कसा? त्याला मराठीत बोलते करावे, असे कोणाला वाटलेच नाही.

डिस्ने कंपनीचा 'द जंगल बुक' हा चित्रपट ८ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्याही आठवडाभर आधी, भारतात प्रदर्शित झाला. मोगली झालेला नील सेठी हा पडद्यावर जवळजवळ एकटाच हाडामांसाचा. वाघ, अस्वल, अजगर, लांडगे हे सारे संगणकाची निर्मिती. इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत तो झळकला आणि भारतात तोवर आलेल्या सर्व हॉलिवूडपटांपेक्षा अधिक पैसा त्याने मिळवला. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेत त्याची डीव्हीडी निघाली आणि चित्रपटगृहातील शेरखान दिवाणखान्यात येऊन बसला.

खरा प्रश्न येथून सुरू होतो. चित्रपटगृहात प्रत्येक भाषेसाठी वेगळा खेळ लावावा लागतो. तेथे व्यापाऱ्याची अडचण एक वेळ मान्य करता येईल. डीव्हीडीचे तसे नाही. तिच्या तांत्रिक रचनेतच एका चित्रासोबत आठ भाषांतील आवाज आणि बत्तीस भाषांतील उपशीर्षके साठवण्याची सोय असते. आठ आसने मांडलेली असताना मराठीसाठी एकही का नसावे? मराठी संवाद मुद्रितच झाले नाहीत, मग ते तबकडीवर येणार कोठून?

मराठी भाषकांची संख्या अपुरी आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने २०११ची जनगणना उघडून पाहावी. मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, तेलुगू ८ कोटी ११ लाख आणि तमिळ ६ कोटी ९० लाख. संख्येने मोठी असलेली भाषा दाराबाहेर आणि तिच्यापेक्षा लहान असलेल्या दोन भाषा सन्मानाने आत! व्यापारी भावनेवर चालत नाही, तो गिऱ्हाइकाकडे पाहतो. तमिळ गिऱ्हाईक तमिळच मागते, हे त्याला ठाऊक आहे. मराठी गिऱ्हाईक मात्र 'हिंदी चालेल की' म्हणत खिशात हात घालते, हेही त्याला तितकेच ठाऊक आहे. दोष डिस्नेचा नाही. तो आपला आहे.

बदलापूर गावाचेच उदाहरण घ्यावे. उल्हास नदीकाठचे हे जुने गाव आणि त्याला लागून वाढलेले नवे शहर. २००१ साली या शहराची लोकसंख्या ९८ हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांवर गेली. मुंबईतील जागा परवडेना म्हणून असंख्य मराठी कुटुंबे या मार्गावर सरकत सरकत येथवर आली. याच बदलापुरात श्याम जोशी यांनी 'ग्रंथसखा' हे ग्रंथालय उभे करून दुर्मीळ मराठी ग्रंथांचा ठेवा जपला. अशा गावातील घरात रविवारी संध्याकाळी आजी, आई-बाबा आणि नातवंडे चित्रपट पाहायला बसतात, तेव्हा पडद्यावरचे रान हिंदीत बोलते. आजीची मराठी उरते ती 'जेवायला चला' आणि 'अभ्यास करा' एवढ्यापुरती. कल्पनेची, साहसाची, गमतीची भाषा दुसरी आणि दटावण्याची भाषा आपली, हे मूल न शिकवता शिकते. भाषा मरते ती अशी. बंदीने नव्हे, निरुपयोगाने.

'मुलांना हिंदी कळते, मग बिघडले कोठे?' असे विचारले जाते. हिंदी आपलीच आहे. तिच्याशी वैर कसले? परंतु हिंदी आली म्हणून मराठी जावी, हा हिशेब कोणी मांडला? खेड्यातील म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'भालू' म्हणजे काय? तो सांगेल, रात्री विव्हळणारी कोल्ही. आणि त्याचा नातू सांगेल, अस्वल! एका शब्दासह रानाची एक ओळखच पुसली गेली.

दुसरा आक्षेप असा की, ही कथा मुळात परक्याची. रुडयार्ड किपलिंग साम्राज्याचा भाट होता, हे खरेच. पण तो १८६५ साली मुंबईत जन्मला आणि १८९४च्या त्याच्या पुस्तकातील रान आहे सिवनीचे, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याला खेटून असलेल्या सातपुड्याचे. पेंचचे जंगल आजही दोन्ही राज्यांत पसरलेले आहे. रान आपले, वाघ आपला, आवाजही आपल्या नटाचा. परका राहिला तो नफा! शिवाय कथा भाषांतरानेच जगतात. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत आणि आठव्या शतकात अरबीत गेले. करटक-दमनक तेथे 'कलीला व दिम्ना' झाले. त्या लोकांनी आपल्या कथा स्वतःच्या भाषेत मागून घेतल्या. आपण मात्र आपल्याच रानाची कथा आपल्या भाषेत मागत नाही.

मागितले की मिळते, याचा अनुभवही आपल्याच घरचा आहे. १९४७ साली मद्रासेत तेलुगू आणि तमिळमधून निघालेले मासिक मराठीत 'चांदोबा' होऊन आले आणि विक्रम-वेताळ घरोघरी पोहोचले. कारण घरोघरी ते विकत घेतले जात होते. आणि आपण स्वतः काय केले? पुण्यात १९८४ साली सुरू झालेली 'बालचित्रवाणी' ही राज्याची संस्था २०१७ मध्ये बंद पडली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मधील वानरांच्या टोळ्या, मारुती चितमपल्लींनी शब्दांत उभे केलेले विदर्भाचे रान, हे आपले 'जंगल बुक' कपाटात धूळ खात आहे. संगणकावर ते जिवंत करण्याचे धाडस कोणत्या मराठी निर्मात्याने दाखवले?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला, पेढे वाटले गेले. परंतु अभिजातपणा ताम्रपटावर टिकत नाही, तो सहा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर टिकतो. डीव्हीडीचे दिवस सरले. आता चित्रपट इंटरनेटवरून घरात येतो आणि तेथे भाषांना आठाचीही मर्यादा नाही. म्हणून प्रत्येक मराठी कुटुंबाने वर्गणी भरताना एक प्रश्न विचारला पाहिजे : यात मराठी आहे काय? नसेल तर कंपनीला तसे कळवावे आणि असेल तर आवर्जून तीच निवडावी. एका घराने विचारले तर हसतील. लाख घरांनी विचारले तर ध्वनिमुद्रण सुरू होईल.

शिवछत्रपतींच्या फौजा येथे घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे सांगतात. फीत गेली, तबकडी आली, तीही गेली. घोडे बदलणारच. पण घोडा बदलताना मावळ्याने स्वारही बदलला, असे कोणी ऐकले आहे काय?